पहिली वेटलिफ्टिंग स्पर्धा: उतरू की थांबू, आणि सुरुवात किती किलोनं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी. आठ महिन्यांपासून महालातल्या एका व्यायामशाळेत वेटलिफ्टिंग शिकतो. शरीराचं वजन ७४ किलो, स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर) ६२, क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ८०. सात आठवड्यांवर जिल्हा स्पर्धा आहे. कोच म्हणतात उतर. स्वतःला मात्र हे आकडे लाजिरवाणे वाटतात, वर्षभर थांबावंसं वाटतं. उतरायचंच तर वजन कमी करून ७१ च्या गटात जावं का, पहिला अटेम्प्ट किती लावावा, जर्कमध्ये कोपर शेवटी वाकतं त्याचं काय, आणि घरच्यांना बोलवावं का?

उतरा. वर्षभर थांबलात तर स्नॅच बहात्तर होईल, पण स्पर्धेचा अनुभव शून्यचा शून्यच राहील. बहात्तर उचलणारा हुकला की चार जण माना वळवून बघतात. बासष्टवाल्याकडून कोणाची काही अपेक्षाच नसते. ही सूट आयुष्यात एकदाच मिळते, घेऊन टाका.

लाजेचं म्हणाल तर जिल्हा स्पर्धेत तुमच्या आजूबाजूला असतात अकरावी-बारावीची पोरं, कॉलेजातले दोन-चार जण, एखादा पोलीस भरतीवाला आणि तुमच्यासारखा एखादा नोकरीवाला. मुलींच्या गटात एखादी पंधरा वर्षांची पोरगी साठ किलोचा स्नॅच मारून, वेणी सारखी करत खाली उतरेल. ते बघून वाईट वाटून घेऊ नका, तिच्या पायांकडे बघा. बार मांडीला कुठं लागतो, ती त्याच्याखाली किती लवकर जाते, हे तिथं फुकटात शिकायला मिळतं.

आता मुख्य गोष्ट. स्नॅचचे तीन अटेम्प्ट, जर्कचे तीन. दोन्हींतला सर्वांत जड यशस्वी अटेम्प्ट घेऊन बेरीज करतात, ती टोटल. स्नॅचचे तीनही हुकले तर टोटल नाही, मग जर्कमध्ये हत्ती उचलला तरी यादीत नावापुढे रेघ. म्हणून पहिल्या स्पर्धेत तुमचं काम एकच आहे, टोटल घेऊन घरी जायचं. बाकीचे सगळे निर्णय, वजनगट, वॉर्म-अप, कोणत्या क्रमांकावर येता, ते या एका कामाच्या मागे लावा.

हे मी शहाणपणानं नाही सांगत आहे, मार खाऊन सांगतो आहे. पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. सरावात ८५ चा स्नॅच वर गेलेला, एकदाच, तोही उस्ताद घरी निघून गेल्यावर. त्या काळी बारवरचं वजन अडीच-अडीच किलोंनीच वाढायचं. एक किलोची पायरी २००५ मध्ये आली. वजन करायच्या खोलीत कळलं की दुसऱ्या तालमीतल्या एका पोरानं ८० लिहिले आहेत. झालं, मी ८२.५ लिहून दिले. पहिला पुढे पडला. दुसराही पुढेच. तिसरा डोक्यावर आला, क्षणभर वाटलं बसला, आणि खालून उठायच्या आत मागे निसटला. परत येताना सायकल मी चालवत होतो, उस्ताद मागे कॅरिअरवर. महाल येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे बारवर ६० लावले आणि म्हणाले, "वीसदा उचल. एकही हुकला तं पयल्यापासून." सतरावा हुकला. पुन्हा एकपासून. अंगात त्राण नाही, तोंड उतरलेलं, हाताची सालं निघालेली, तरी ते साठ वर जातच होते. पहिल्या अटेम्प्टला कोणतं वजन लावायचं असतं हे मला त्या सकाळी कळलं.

तुमच्यासाठी माझे आकडे असे: स्नॅच ५६, जर्क ७२. दोन्ही तुमच्या सर्वोत्तमाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास येतात, पण टक्क्यांपेक्षा वेगळी परीक्षा घ्या. रात्री उशिरापर्यंत कॉल चालले, झोप पाचच तास झाली, अशा सकाळी जाऊन ५६ चे पाच सिंगल (एका वेळी एकच लिफ्ट) मारा, मध्ये दोन-दोन मिनिटं. पाचही गेले तर ५६ नक्की. एक हुकला तर ५४. दुसरा अटेम्प्ट ५९, तिसरा ६२. अगदी हात शिवशिवलेच तर ६३. जर्कमध्ये ७२, ७६ आणि मग दिवस कसा आहे ते बघून ७९ ते ८१. पहिला हुकला तर तेच वजन पुन्हा मागा. बारवरचं वजन खाली तर येत नाहीच, आणि हुकल्यावर रागानं वाढवणाऱ्यांचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

हिशेबातली एक फट आधीच सांगतो. स्पर्धेत बारच्या दोन्ही टोकांना अडीच-अडीच किलोच्या कॉलर लागतात आणि त्या वजनात धरतात. २० चा बार, ५ च्या कॉलर, दोन्हीकडे पिवळी १५ ची आणि पांढरी अर्ध्या किलोची प्लेट, झाले ५६. आपल्या बहुतेक तालमींत सरावाला स्प्रिंगच्या चिमट्यांवर भागवतात, त्यामुळे स्पर्धेतला बार नेहमीपेक्षा हलका भरलेला दिसतो आणि नवखा माणूस घोटाळतो. "इतकाच?" म्हणून ढिला जातो आणि गुडघ्यापाशी बार त्याला सांगतो की मी किती आहे.

ओपनिंगची, म्हणजे पहिल्या अटेम्प्टची, किंमत बघायची तर सांगलीच्या संकेत सरगरचं २०२२ चं बर्मिंगहॅम आठवा. राष्ट्रकुल स्पर्धा, ५५ किलो गट. स्नॅच ११३, म्हणजे मलेशियाच्या अनिक कस्दानपेक्षा ६ किलो पुढे. जर्कचा पहिला अटेम्प्ट १३५, यशस्वी. मग १३९ दोनदा मागितले, दोन्ही हुकले, त्यातच कोपराला दुखापत. अनिकनं १४२ उचलले आणि २४९ विरुद्ध २४८ अशा एका किलोनं सोनं नेलं. सगळे त्या एका किलोबद्दल बोलतात. मी पोरांना दुसरी बाजू दाखवतो: कोपर गेलेल्या माणसाच्या गळ्यात रौप्य होतं, कारण १३५ आधीच नोंदलेले होते.

आता तुमच्या बाबतीतली खरी अडचण, जी तुम्ही विचारली नाही. बहुधा तुम्ही बारवर मागितलेलं वजन सगळ्यांत कमी असेल, म्हणून बार आधी तुमच्यासाठी भरला जाईल. नियम असा की कमी वजन मागणारा आधी. बाकीचे सत्तर-पंचाहत्तरला सुरू करणार असतील तर ५६, ५९ आणि ६२ हे तिन्ही तुमचेच, लागोपाठ. एरवी नाव पुकारल्यावर एक मिनिट असतो; स्वतःच्याच पाठोपाठ यायचं असेल तर दोन. म्हणजे पाच-सहा मिनिटांत तुमचा स्नॅच संपलेला असेल. सरावात तुम्ही दोन सेटच्या मध्ये फोन बघता ना, त्याची सवय इथे मोडते. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून एकदा घड्याळ लावून तीन अटेम्प्ट दोन-दोन मिनिटांनी मारा. पहिल्यांदा कराल तेव्हा तिसऱ्याला धाप लागलेली असेल.

वॉर्म-अपही यावरूनच ठरतो. तुम्ही पहिले असाल तर आत २०, ३०, ३८, ४५, ५० आणि ५३ असं चढायचं, आणि ५३ चा शेवटचा स्नॅच सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटं आधी झालेला हवा. मध्येच ओळख करून द्यायला सगळ्यांना प्लॅटफॉर्मवर उभं करतात, तिथं अंग निवतं, ती पाच मिनिटं धरून चाला. तुम्ही मधल्या क्रमांकावर असाल तर हिशेब वेगळा. तुमच्याआधी बाहेर किती अटेम्प्ट होणार ते मोजायचं आणि बाहेरच्या दर तीन अटेम्प्टमागे आत एक लिफ्ट करायची. बाहेर एकाला मिनिट-दीड मिनिट जातो, म्हणजे तुम्हाला आत चार मिनिटांनी एक पडते.

हे तुम्ही स्वतः मोजू शकत नाही, आणि क्लबची खरी गरज इथेच लागते. घरी बार घेऊन एकटे शिकणारे बरेच झालेत आता, त्यातले काही उत्तम उचलतातही. पण स्पर्धेच्या दिवशी टेबलापाशी उभा राहून अटेम्प्टची वजनं लिहिलेल्या कार्डांवर डोळा ठेवणारा माणूस त्यांच्याकडे नसतो. आमच्या एका पोराच्या वेळी मी स्वतः चहाला गेलो होतो, अगदी पाच मिनिटं. तेवढ्यात पुढच्या दोघांनी आपापले आकडे चार-चार किलोंनी वाढवले, तिसऱ्यानं अटेम्प्ट सोडून दिला, आणि आमच्या पोराचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तो आत ५० वरच होता. थेट ७० वर गेला बिचारा. "सर, मले वाटलं अजून दहा जण हाय!" त्याची चूक नव्हती, माझी होती. तेव्हापासून सेशन सुरू झालं की मी टेबलाजवळून हलत नाही आणि पाणीही कोणाला तरी आणायला सांगतो.

तुमच्या कोचना आत्ताच विचारून ठेवा, त्या दिवशी तुमची कार्डं कोण बघणार. त्यांची आणखी तीन पोरं त्याच सेशनमध्ये असतील तर तालमीतला एखादा जुना माणूस मागून घ्या. त्याला एवढं माहीत हवं: अटेम्प्ट झाला की पुढचं वजन लगेच सांगायचं, यशस्वी अटेम्प्टनंतर नाही सांगितलं तर आपोआप एक किलो वाढतो, त्यानंतर दोनदा बदलता येतं, शेवटच्या तीस सेकंदांची घंटा वाजली की बदल बंद.

स्नॅच लवकर संपल्यावर तुम्हाला मोठा रिकामा वेळ मिळेल. बाकीच्यांचा स्नॅच आटपेपर्यंत अर्धा-पाऊण तास सहज जातो. त्यानंतर विश्रांती फक्त दहा मिनिटांची. नवखे त्या दहा मिनिटांत जर्कचा पूर्ण वॉर्म-अप कोंबायला जातात. तसं करू नका. बाहेर शेवटच्या दोघांचे स्नॅच चालू असतानाच आत बार हातात घ्या. तोवर एक केळं, दोन घोट पाणी, अंगावर ट्रॅकसूट. आणि कूलरसमोर बसू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात हॉलमध्ये मोठे कूलर लावलेले असतात, त्यांच्या ओलसर वाऱ्यात बरं वाटतं, पण पाठ आखडते आणि हाताला लावलेला खडू पिठासारखा चिकट होतो. हूक ग्रिपमधून (अंगठा बोटांखाली दाबून धरलेल्या पकडीतून) अंगठा सुटला तर कारण बहुतेक वेळा हेच असतं.

वजन उतरवू नका. ७४ वरून ७१ म्हणजे तीन किलो, सात आठवड्यांत आरामात जातील असं तुम्ही म्हणाल. सहा आठवडे काही जाणार नाहीत, शेवटच्या आठवड्यात जेवण तोडाल आणि शेवटच्या दिवशी पाणी. आपल्या गावात पाणी तोडून प्लॅटफॉर्मवर जाणं हा शुद्ध आचरटपणा आहे. घाम असाही गळतो, त्यात मांड्यांना गोळे येतात आणि जर्कमधून सात-आठ किलो जातात ते जातात. ज्याच्यासमोर पदक आहे तो विचार करेल. तुम्ही (जून २०२५ च्या गटांप्रमाणे) ७९ मध्ये ७४ चे म्हणून उतरा, पोटभर जेवून. वजनगट एकदा खात्री करून घ्या मात्र. २०१८ मध्ये बदलले, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा बदलले, त्यामुळे भिंतीवरच्या जुन्या तक्त्यावर जाऊ नका, प्रवेश अर्जावर जे छापलं आहे तेच धरा. वजन स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं आणि तासभर चालतं. झाल्यावर दहीभात, केळी, थोडी साखर-मीठ घातलेलं पाणी. बाहेर टपरीवर तर्री-पोहे खुणावतीलच. ते संध्याकाळी.

कोपराबद्दल. जर्क डोक्यावर पकडताना हात एकदम ताठ लागायला हवेत. आधी वाकडे लागून मग ढकलून सरळ केले तर तो प्रेस-आऊट, आणि लाल दिवा. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे हवेत. तालमीत आपण मित्राला "गेला गेला" म्हणून सोडून देतो, पंच सोडत नाहीत. सात आठवड्यांत हे पूर्ण सुटणार नाही, पण ८० वर जे होतं ते ७२ वर होतं का ते समोरून व्हिडिओ काढून बघा. होत नसेल तर ७२ आणि ७६ तुमचे आहेत, तिसऱ्याचं नंतर बघू. होत असेल तर ओपनिंग ६८ करा आणि दोन आठवडे फक्त हलक्या वजनावर पाय झटकन मारण्याचं काम करा. हात वाकतात कारण पाय उशिरा पोचतात, दहातल्या आठ जणांचं हेच असतं. तुमचं कोपर जन्मतःच पूर्ण सरळ होत नसेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर स्पर्धेआधी पंचांकडे जाऊन हात दाखवायचा, नियमात त्याची सोय आहे.

नवख्यांना दुसरा लाल दिवा मिळतो तो घाईचा. बार डोक्यावर, दोन्ही पाय एका रेषेत, आणि पंचांनी हात खाली करेपर्यंत हलायचं नाही. आनंदाच्या भरात आधीच टाकतात. सरावात दर लिफ्टला कोणीतरी "डाऊन" म्हणायला उभं करा, कोणी नसेल तर मनात दोन मोजा. टाकतानाही बार खांद्याच्या खाली येईपर्यंत हात सोडायचे नाहीत. क्लीनमध्ये खाली बसलेलं असताना कोपर मांडीला किंवा गुडघ्याला टेकलं तरी लिफ्ट बाद. तुमच्या प्रश्नात ते नाही, पण थकल्यावर होतं.

सामानाचं फार नाही. एकसंध पोशाख, ज्याला आपण कॉस्च्युम म्हणतो तो, क्लबमध्ये कोणाचा तरी मिळतो. आत टी-शर्ट चालतो, पण त्यानं कोपर झाकलेलं चालत नाही. बेल्ट बारा सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. मनगटाला बारशी बांधायचे पट्टे सरावात वापरत असाल तर आजपासून सोडा, स्पर्धेत मनाई आहे. पैसे एकाच गोष्टीवर घाला, उंच लाकडी किंवा घट्ट टाचेच्या बुटांवर. पळायचे मऊ बूट घालून जर्क करणं म्हणजे गादीवर उभं राहून पाण्याची टाकी डोक्यावर घेणं.

आणि जिमवाल्यानं दिलेली बिननावाची पावडर घेत असाल तर थांबवा. जिल्ह्याला कोणी उत्तेजकांसाठी तपासेल न तपासेल, पण पुढे कधी राष्ट्रीय स्पर्धेत नमुना घेतला गेला तर "मला माहीत नव्हतं" एवढ्यावर सुटका होत नाही. या खेळानं आपल्याकडे त्यापायी पुष्कळ सोसलं आहे.

सराव शेवटच्या तीन आठवड्यांत बदलायचा नाही, नवीन तंत्र नाही, नवीन बूट नाहीत. शेवटचा जड दिवस स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी, तोही ५९ आणि ७६ पर्यंतच. ६५ लावून बघायची खाज येईल. आमच्या उस्तादांचं यावर ठरलेलं वाक्य होतं, "इथं उचलून कोणाले दाखवून राहिला बे?"

घरच्यांना जरूर बोलवा. फक्त आई-बाबांना आधी सांगून ठेवा की स्नॅच पाच-सहा मिनिटांत आटपणार आहे आणि बहुधा अगदी सुरुवातीलाच. दहाचं दिलंय म्हणून साडेदहाला आले, किंवा गाडी लावून आधी चहा घ्यायला थांबले, तर त्यांना थेट जर्कच दिसेल.